आखाजीच्या आधी बोरी छाटा!
(गावबैठकीत तरुण कार्यकर्त्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मोर्चाचं बोलायचं नाही, बोरीचं बोलायचं आहे. काही जण म्हणतील, जमिनीच्या लढाईत हे बोरीचं मधेच काय काढलं? पण हेही जमिनीचंच बोलणं आहे. कसं ते आधी सांगतो.

1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात आदिवासीची जी जमीन बिगर-आदिवासीकडे गेली, ती परत द्यायची, असा 1974 चा कायदा आहे. त्या कायद्याने आपल्यापैकी कित्येकांच्या जमिनी परत आल्या. कागदावर एकदा आणि प्रत्यक्षात नांगर धरून दुसऱ्यांदा, अशा दोन वेळा त्या सोडवाव्या लागल्या. त्या वेळी आपल्या बापांनी लिहून दिलंय की ही जमीन आम्ही स्वतः कसू. कायद्यातच तशी अट आहे.

पुढे 1990 पासून रोजगार हमीला जोडून फळबागेची योजना आली. आदिवासी शेतकऱ्याला शंभर टक्के अनुदान होतं. आपण मुरमाड तुकड्यांवर बोरी लावल्या, कारण बोर कमी पाण्यावर तगते. अनुदान तीन वर्षांत हप्त्याने मिळालं. हप्ते संपले तसे साहेब यायचे थांबले. आपली माणसं पोटासाठी ऊस तोडायला गुजरातेत गेली. बोरी तशाच रानोमाळ वाढल्या. आज त्यांच्यात शिरायचं म्हटलं तर अंगावरचं कापड फाटतं. तलाठी रस्त्यावरूनच बघायचा आणि पीकपाहणीत 'पड' लिहून जायचा. ज्यांच्याकडून जमिनी सुटल्या ते चावडीवर बसून म्हणतात, "यांना जमीन दिली, पण यांना कसता कुठे येते?"

या बोलण्याला भाषणाने उत्तर देऊन भागणार नाही. बोरी पुन्हा धराव्या लागतील. म्हणून छाटणी.

बोरीला दरवर्षी छाटणी का लागते?

आंब्याला दरवर्षी छाटलं नाही तरी चालतं. बोरीचं तसं नाही. बोरीला फूल येतं ते त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर, पानाच्या बेचक्यात. जुन्या फांदीवर फळ धरत नाही. छाटलं नाही तर नवी फूट बारीक येते, तीही लांब शेंड्याला. मधे नुसतं काट्यांचं जाळं होतं. आत ऊन नाही, वारा नाही, मग भुरी पडते. बोरं बारीक राहतात, किडतात. वर लागलेली काढताही येत नाहीत. लोक म्हणतात झाड म्हातारं झालं. दहा वर्षांची बोर म्हातारी नसते. तिच्याकडे कुणी बघितलेलं नसतं एवढंच.

कधी छाटायचं?

बोरं उतरून झाली की उन्हाळ्यात बोर पानं गाळते आणि झोपते. तीच छाटणीची वेळ. आपल्याकडे एप्रिलचा दुसरा पंधरवडा ते मेचा पहिला आठवडा धरा. आपल्या हिशेबाने आखाजीच्या आधी काम उरकायचं. जुन्या काळापासून सालदाराचं साल आखाजीला बदलतं, ते सगळ्यांच्या ध्यानात असतं. तसंच हेही ध्यानात ठेवा. फार उशीर केला तर नवी फूट मागे पडते आणि फूलही मागे पडतं. पावसाळ्यात तर मोठी फांदी अजिबात कापू नका, ओल्या जखमेत बुरशी शिरते.

ऊसतोडीला गेलेले याच सुमाराला परत येतात. म्हणून जे गावात आहेत त्यांनी आधी झाडं मोजून, खुणा करून ठेवायच्या. माणसं आली की काम सुरू.

आधी झाड ओळखा

हे सगळ्यात महत्त्वाचं. योजनेतली रोपं गावठी बोरीच्या खुंटावर चांगल्या जातीचा डोळा भरून केलेली होती. कुणाकडे उमराण असेल, कुणाकडे कडाका, कुणाकडे मेहरुण. झाड मोकाट सुटलं की खुंटातून गावठी फूट येते आणि तीच जोर धरते. वरचं कलम दबून जातं. म्हणून पहिल्यांदा बुंध्याशी खाली बसा आणि जोड शोधा. तिथे साल थोडी फुगलेली दिसते. जोडाच्या खालून आलेलं सगळं मुळापासून काढायचं. गावठी फुटीचं पान लहान, काटे जास्त, फळ गोल आणि आंबट.

कलम मेलंच असेल आणि नुसती गावठी बोर उरली असेल, तरी झाड तोडू नका. त्याची मुळं खोल गेलेली आहेत, तेवढी मुळं नव्या रोपाला यायला वर्षं लागतात. उन्हाळ्यात खोड जमिनीपासून गुडघाभर ठेवून कापा. नवी फूट आली की त्यातल्या दोन-तीन सरळ फांद्या ठेवा. जून-जुलैत त्यांच्यावर चांगल्या झाडाचा डोळा भरा. आपल्या पोरांपैकी ज्यांना डोळा भरता येतो ते गावोगाव यायला तयार आहेत.

कापायचं कसं?

कुऱ्हाड घरी ठेवा. कुऱ्हाडीने फांदी चिरते, साल सोलून खाली येते. मोठ्या फांदीला करवत आणि बारीकीला कात्री. प्रत्येकाने विकत घ्यायची गरज नाही, गावात दोन करवती आणि चार कात्र्या पुरतात.

कामाचा क्रम असा ठेवा:

1. वाळलेलं, किडलेलं, जमिनीवर लोळणारं आधी काढा. एवढ्यानेच निम्मं झाड मोकळं दिसतं.
2. मग एकमेकींवर घासणाऱ्या आणि आत वळलेल्या फांद्या काढा.
3. चारी दिशांना जाणाऱ्या चार-पाच चांगल्या, जाड फांद्या निवडा. मधला भाग ऊन शिरेल एवढा मोकळा हवा.
4. फार उंच गेलेल्या फांद्या खाली आणा. उभं राहून हाताने बोरं काढता येतील एवढं झाड ठेवा. आपल्या बायांना झोडपून पाडलेली बोरं वेचावी लागतात आणि आपटलेला माल टिकत नाही.
5. जड फांदी एका घावात कापू नका. आधी खालून थोडा काप घ्या, मग थोडं पुढे वरून कापा. फांदी पडली की उरलेला खुंट बुंध्याशी साफ करा. असं केलं की साल फाटत नाही.
6. काप तिरका आणि गुळगुळीत हवा, पाणी साचता कामा नये.

कापाला बोर्डो मलम लावा: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवा, मग एकत्र करा. भांडं मातीचं किंवा प्लास्टिकचं घ्या, लोखंडाचं नको. एवढं मलम पुष्कळ झाडांना पुरतं, म्हणून चार-पाच घरांनी मिळून करा.

जोरात छाटलेलं झाड पहिल्या हंगामात कमी फळ देतं, तेव्हा घाबरू नका. पण सगळी झाडं एकाच वर्षी जोरात छाटूही नका. सहा बाय सहा मीटरवर लावली असतील तर एकरात साधारण 110 झाडं असतात. निम्मी यंदा जोरात छाटा. बाकीच्यांची नुसती साफसफाई करा, त्यांचं पुढल्या उन्हाळ्यात बघू. घरात दोन्ही वर्षी बोरं आली पाहिजेत. पुढे दरवर्षी फक्त गेल्या सालची फूट आखूड करायची, ते काम सोपं आहे.

छाटल्यावर

काटेरी फांद्या जाळू नका. त्यांचंच कुंपण घाला, कारण नवी कोवळी फूट शेळ्या पहिली खातात. झाडाखालची जमीन कुदळीने हलवा. बोरातल्या अळीचे कोष मातीत असतात, ते उन्हाने मरतात. पहिल्या पावसाबरोबर बुडाशी दोन पाट्या शेणखत घाला. फूट दाट आली तर विरळ करा. हिवाळ्यात भुरी दिसली तर गंधकाची भुकटी धुरळा. किडकी बोरं झाडाखाली पडू देऊ नका, गोळा करून खोल पुरा.

आता मालाचं आणि कागदाचं

बोर छाटायला लागली की पहिल्यांदा व्यापाऱ्याला कळतं. तो म्हणेल, "तीन वर्षांचा बाग मला उक्ता दे, आगाऊ पैसे घे, इथे अंगठा कर." बाबांनो, अंगठा करू नका. कलेक्टरच्या परवानगीवाचून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही आणि भाड्यानेही देता येत नाही. पण कोऱ्या कागदावर अंगठा झाला की त्यावर काय लिहायचं ते दुसऱ्याच्या हातात जातं. आपल्या बापांच्या जमिनी अशाच गेल्या होत्या. बोरं विका, बाग देऊ नका. वजनावर विका, काटा आपल्यातल्या कुणीतरी बघा.

दुसरं म्हणजे फॉरेस्टचं. आंबा, मोह, चिंच, साग, जांभूळ ही झाडं स्वतःच्या शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडायची नाहीत, असा कायदा आहे. बोर त्या यादीत नाही. शिवाय छाटणी म्हणजे तोड नव्हे. गार्डने अडवलं तर सातबारा दाखवा, एकट्याने वाद घालू नका, गाव बोलवा. ज्यांची शेती फॉरेस्टच्या प्लॉटवर आहे त्यांनी मात्र आधी संघटनेत बोलून मगच करवत लावावी.

तिसरं, तलाठ्याचं. झाडं साफ झाली की चार माणसांनी जाऊन त्याला शेतात आणा. रस्त्यावरून नाही, बांधावर. किती झाडं जिवंत आहेत ती त्याच्यासमोर मोजा आणि पीकपाहणीची नोंद तपासायला सांगा. तोंडी सांगून भागलं नाही तर अर्ज द्या आणि पोच घ्या.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही पोरापोरींनी आळीपाळीने काही शेतांतल्या बोरी छाटल्या. कुणाला मजुरी नव्हती, ज्याचं शेत त्याच्याकडची भाकर होती. त्या झाडांना यंदा बोरं लागली, ती सगळ्यांनी खाल्ली आहेत. तेव्हा हे काम आपल्याला जमतं का, हा प्रश्न आता उरला नाही.

आज इथून उठण्याआधी एवढं ठरवू या: प्रत्येक पाड्यावर दोन जण झाडं मोजतील. करवत-कात्रीसाठी घरटी वर्गणी जमेल. कुणाच्या शेतात कधी जायचं ते लिहून काढू. विधवा बायांच्या आणि ऊसतोडीवर अडकलेल्यांच्या शेतांपासून सुरुवात करू, कारण 'पड' लिहायला तीच शेतं आधी सापडायची.

जमीन आपण लढून घेतली, आता ती कसून ठेवू या.

जिंदाबाद!