सरमेचे वारस



ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात सरमा नावाच्या देवशुनीची कथा येते. पणींनी गाई पळवल्या आणि दूर डोंगरात दडवून ठेवल्या. त्यांचा ठावठिकाणा काढण्यासाठी इंद्राने सरमेला पाठवले. रसा नदी ओलांडून, माग काढीत ती थेट पणींच्या दारापर्यंत पोहोचली. पणींनी तिला प्रथम धाक दाखवला. तो चालला नाही, तेव्हा बहिणीचे नाते जोडून गोधनातला वाटा देऊ केला. सरमेने दोन्ही नाकारले.

दडवलेले शोधून काढणे आणि लाच न घेणे, हे दोन गुण आपल्या पूर्वजांनी एका कुत्रीच्या ठायी पाहिले. आज हेच दोन गुण बंदरावर, विमानतळावर आणि जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात नव्याने हवे आहेत. मग प्रश्न उरतो तो व्यवहाराचा. अमली पदार्थ हुंगून काढणाऱ्या श्वानांवर शासनाच्या तिजोरीतून खर्च व्हावा का, झाला तर किती मनापासून व्हावा, आणि त्याचा हिशेब समाजाने कसा मागावा?

संकटाचे स्वरूप आधी पाहू. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या 'एम्स'कडून करवून घेतलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे ३ कोटी १० लाख लोक भांग, गांजा, चरस यांचे आणि सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफू, हेरॉईन आदी पदार्थांचे सेवन करीत होते. भारताच्या पश्चिमेला अफगाणिस्तान, पाकिस्तान, इराण यांची 'सुवर्ण चंद्रकोर' आणि पूर्वेला म्यानमार, लाओस, थायलंड यांचा 'सुवर्ण त्रिकोण', अशा विषवल्लीच्या दोन मळ्यांमध्ये आपला देश वसलेला आहे. जून २०१९ मध्ये अटारीच्या सीमानाक्यावर पाकिस्तानातून आलेल्या सैंधव मिठाच्या पोत्यांत ५३२ किलो हेरॉईन सापडले. ऑगस्ट २०२० मध्ये न्हावाशेवा बंदरात आयुर्वेदिक औषध म्हणून आणलेल्या मालातून १९१ किलो, तर सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात शंखजिऱ्याच्या भुकटीच्या नावाखाली आलेले जवळपास ३ हजार किलो हेरॉईन पकडले गेले. सीमेपलीकडून ड्रोनने पंजाबात टाकली जाणारी पुडकी वेगळीच.

हा सीमेवरचा प्रश्न आहे, अशी महाराष्ट्रातील सुखवस्तू कुटुंबांची समजूत असेल, तर तीही २०२४ च्या फेब्रुवारीत मोडली. पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत पोहोचलेल्या कारवाईत दीड हजार किलोहून अधिक मेफेड्रोन, म्हणजे 'एमडी', हस्तगत केले. अष्टविनायकाच्या यात्रेला जाणाऱ्या कुटुंबांच्या वाटेजवळ विष तयार होत होते. कायद्याच्या दृष्टीने ५० ग्रॅम एमडी हेदेखील व्यापारी प्रमाण ठरते आणि त्यासाठी किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. यावरून त्या साठ्याच्या भयानकतेची कल्पना यावी.

अशा मोठ्या साठ्यांचा शोध बहुधा खबरी आणि तपास अधिकाऱ्यांच्या चिकाटीतून लागतो, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. श्वानाचे रणांगण दुसरे आहे. टपालाची हजारो पाकिटे, आगगाडीच्या डब्यातील सामान, विमानतळाच्या पट्ट्यावरून सरकणाऱ्या बॅगा, मालमोटारीच्या पत्र्यामागची पोकळी, अशा जागी प्रत्येक गोष्ट उघडून पाहणे माणसाला अशक्य असते. क्ष-किरण यंत्राला आकार आणि घनता दिसते, वास येत नाही. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी सुमारे ५० ते ६० लाख असतात, तर कुत्र्याच्या नाकात २० कोटींहून अधिक. कॉफी, मसाले, अत्तर यांच्या भपकाऱ्यातूनही प्रशिक्षित श्वान हवा तो गंध वेगळा काढतो. मात्र तोही जीव आहे. अर्धा तास एकाग्रतेने हुंगल्यावर तो थकतो, उन्हात धापा टाकू लागतो, आणि धापा टाकणारा श्वान नीट हुंगू शकत नाही. म्हणून एका श्वानावर संपूर्ण विमानतळ सोपवता येत नाही.

येथेच खर्चाचा विषय येतो. 'कुत्र्यांवर कशाला एवढा पैसा?' असा प्रश्न कधी सभागृहात, तर कधी घरच्या बैठकीत विचारला जातो. तो विचारणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पिल्लाची किंमत असते. वस्तुतः पिल्लू ही सर्वांत स्वस्त बाब आहे. त्यानंतर कित्येक महिन्यांचे प्रशिक्षण, त्याच्याशी जन्माचे नाते जोडणारा श्वान हस्तक व त्याचा साहाय्यक, हवेशीर निवारा, सकस आहार, पशुवैद्य, स्वतंत्र वाहन आणि दर काही महिन्यांनी उजळणी, हे सारे आठ-नऊ वर्षे अखंड चालवावे लागते. श्वान विकत घेता येतो, पथक मात्र घडवावे लागते. वाहनाअभावी तीन तास उशिरा पोहोचलेला श्वान कितीही हुशार असला, तरी तोवर माल दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला असतो. हस्तकाची अचानक बदली झाली, तर दोघांचेही प्रशिक्षण वाया जाते.

त्यातच गुन्हेगार दर काही वर्षांनी पदार्थ बदलतात. गांजा, चरस आणि हेरॉईनवर तयार झालेल्या श्वानाला मेफेड्रोनचा गंध आपोआप कळत नाही. तो शिकवण्यासाठी खऱ्या पदार्थाचे नमुने लागतात. ते कायदेशीर परवानगीने मिळवावे लागतात, कुलूपबंद ठेवावे लागतात आणि कणाकणाचा हिशेब ठेवावा लागतो. एमडीचा समावेश नियंत्रित पदार्थांच्या यादीत २०१५ साली झाला. यादी राजपत्रात बदलली, पण श्वानाचे शिक्षण बदलण्यासाठी पैसा व मनुष्यबळ दिले नाही, तर कायदा कागदावरच राहतो.

हा पैसा कोठून यावा? 'पोलीस' हा राज्यसूचीतील विषय असल्याने पहिली जबाबदारी राज्याची. परंतु सीमा, बंदरे आणि सीमाशुल्क केंद्राकडे असल्याने केंद्रालाही हात झटकता येत नाहीत. ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाचे राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र १९७० पासून कार्यरत आहे, आणि केंद्रीय गृहमंत्रालयाने २०१९ मध्ये पोलीस श्वानांसाठी स्वतंत्र कक्ष स्थापन केला. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात १९८९ साली कलम ७-अ घालून एक राष्ट्रीय निधीही निर्माण करण्यात आला. केंद्राचे अनुदान, देणग्या आणि तस्करांच्या सरकारजमा मालमत्तेच्या विक्रीतून येणारी रक्कम त्यात जमा होते. तस्कराच्या बंगल्याच्या पैशातून तस्करांना पकडणारे श्वान पोसले जावेत, यात न्यायही आहे आणि औचित्यही.

या ठिकाणी एक सावधगिरी हवी. अमेरिकेत जप्त मालमत्तेतला वाटा स्थानिक पोलिसांनाच मिळण्याची पद्धत १९८४ च्या कायद्यापासून रूढ झाली. परिणामी गुन्हा रोखण्यापेक्षा रोकड जप्त करण्याकडे लक्ष वळते, अशी टीका तेथे पक्षभेद विसरून होते. पथकाचे पोट जप्तीवर भरू लागले की प्रत्येक प्रवासी संशयित दिसू लागतो. भारतात ही रक्कम पकडणाऱ्या पथकाकडे न जाता राष्ट्रीय निधीत जाते, ही व्यवस्था जपली पाहिजे. तसेच एखाद्या धनिकाच्या देणगीवर पोलिसांचे श्वान पाळले जाऊ नयेत. देणारा उद्या काही मागणार नाही, याची हमी कोण देणार? सरमेने पणींचा वाटा नाकारला, याचा आजच्या भाषेतील अर्थ हाच. दंडशक्ती राजाची असते आणि तिचा खर्च राजकोशातूनच व्हायचा असतो.

राजकोशातून खर्च झाला की हिशेबही आलाच. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी १८ श्वान व त्यांच्या हस्तकांची परीक्षा घेतली. कोणत्याही खोलीत काहीही दडवलेले नव्हते. तरीही बहुतेक शोधांत 'सापडले' अशी खूण नोंदवली गेली, आणि जेथे हस्तकाला मुद्दाम 'येथे माल आहे' असे सांगितले होते, तेथे ती विशेषत्वाने आढळली. कुत्रा मालकाचे मन वाचतो, ही त्याची निष्ठा आणि हाच त्याचा दोष. म्हणून माल कोठे आहे हे हस्तकालाही ठाऊक नसेल अशा चाचण्या नियमाने झाल्या पाहिजेत, आणि प्रत्येक पथकाच्या यशाबरोबर चुकांचीही नोंद ठेवली पाहिजे. माग काढणाऱ्या श्वानाच्या पुराव्याबाबत महाराष्ट्रातील एका खटल्यात १९६९ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सावध भूमिका घेतली होती. अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्याची उपस्थिती मागण्याचा हक्क कलम ५० ने प्रत्येकास दिला आहे. श्वानाच्या खुणेने तपास सुरू व्हावा. शिक्षा मात्र पुराव्यावरच व्हावी. निरपराध तरुणाचे नाव एकदा बदनाम झाले की त्याचे कुटुंब उभे राहायला वर्षे लागतात, हे राष्ट्रहिताचा विचार करणाऱ्यांनी कधीही विसरू नये.

स्वदेशीचा मुद्दाही याच हिशेबात बसतो. आपल्या पथकांत लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, बेल्जियन मॅलिनॉय या परदेशी जातींचा भरणा आहे. मराठ्यांच्या इतिहासात गाजलेल्या घोरपडे घराण्याच्या मुधोळ संस्थानाने जोपासलेला मुधोळ हाउंड आज टेकनपूरला प्रशिक्षण घेत आहे. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२५ च्या 'मन की बात'मध्ये अशाच एका 'रिया' नावाच्या श्वानाच्या यशाचा गौरव केला. मुधोळ हा मूळचा नजरेने आणि वेगाने शिकार करणारा वंश. त्याच्या नाकाची पारख अमली पदार्थांच्या कामातही काटेकोरपणे व्हावी. तो कसोटीला उतरला तर अभिमानाने घ्यावा, न उतरला तर त्याला साजेसे दुसरे काम द्यावे. अशा प्रयोगांनाही वेळ आणि पैसा लागतो.

सेवा संपल्यावर या श्वानांचे काय? मार्च १९९३ च्या स्फोटमालिकेनंतर मुंबईत तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स शोधण्यात मोलाचा वाटा असलेला, पुण्यात तयार झालेला 'जंजीर' २००० साली गेला, तेव्हा त्याला पोलिसांनी मानवंदना दिली. तीनशेहून अधिक गुन्ह्यांच्या तपासात मदत करणाऱ्या बीड पोलिसांच्या 'रॉकी'ला २०२० मध्ये असाच सन्मानाचा निरोप मिळाला. मानवंदना अवश्य द्यावी, परंतु निवृत्त श्वानाच्या औषधपाण्याची तरतूद हीच खरी कृतज्ञता. सोबत आलेल्या श्वानाला मागे टाकून स्वर्गात पाऊल ठेवण्यास युधिष्ठिराने नकार दिला. त्या श्वानाच्या रूपात साक्षात धर्म होता, हे त्याला पुढे कळले. आधी त्याने कर्तव्य केले होते.

शेवटची गोष्ट घराची. श्वान माल अडवतो, मागणी अडवू शकत नाही. पुण्यातील 'मुक्तांगण' १९८६ पासून व्यसनात अडकलेल्यांना परत आणण्याचे काम करीत आहे. श्वानपथकाला पैसा देताना अशा केंद्रांचा पैसा कापला जाऊ नये. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्य आणि मादक द्रव्यांवरील बंदी या दोहोंचा एकत्र उल्लेख केला आहे. आणि ज्या घरात रात्री सर्वजण एकत्र जेवतात, मुलाचा उतरलेला चेहरा आईच्या आणि बदललेले मित्र बापाच्या लक्षात येतात, त्या घराचा पहारा कोणतेही सरकार देऊ शकणार नाही.

प्रत्येक जिल्ह्यातील सज्जनशक्तीने म्हणून एवढे करावे. आपल्या जिल्ह्यात अमली पदार्थ शोधणारे श्वान किती, हस्तकांची पदे भरलेली आहेत का, वाहन आहे का, एमडीचे प्रशिक्षण झाले का आणि शेवटची चाचणी कधी झाली, हे प्रश्न लोकप्रतिनिधींना विचारावेत आणि जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीपर्यंत पोहोचवावेत. उत्तर समाधानकारक असेल तर पोलिसांचे अभिनंदन करावे. नसेल तर तरतूद होईपर्यंत पाठपुरावा सोडू नये. सरमेने माग काढला होता, पण तिच्या मागे इंद्र उभा होता. आजच्या सरमेच्या मागे समाजाला उभे राहायचे आहे.

भारत माता की जय!