मुखत्याराचें कृत्य आणि धन्याची जबाबदारी

कोर्टकचेरीशीं आपला कांहीं संबंध नाहीं असें समाधानानें सांगणारे गृहस्थ आपल्यांत पुष्कळ आहेत. परंतु वाण्याकडून महिन्याच्या उधारीवर सामान आणावयास गड्याला धाडणारा, गांवच्या घराचें भाडें वसूल करण्याचें काम चुलतभावावर सोंपविणारा, किंवा परदेशीं जातांना वडिलांच्या नांवें कुलमुखत्यारपत्र करून ठेवणारा प्रत्येक मनुष्य एका कायद्याच्या कक्षेंत येतो. मग त्याची जाणीव त्याला असो वा नसो. तो कायदा म्हणजे १८७२ चा करारविषयक कायदा. धनी आणि त्याच्या वतीनें वागणारा मुखत्यार यांचें परस्परांशीं व तिऱ्हाइताशीं काय नातें असतें, हें त्याच्या दहाव्या प्रकरणांत, १८२ पासून २३८ पर्यंतच्या कलमांत, सांगितलेलें आहे. तें सर्व प्रकरण येथें उलगडण्याचा माझा विचार नाहीं. त्यांतला जो भाग शहाण्यासुरत्या माणसांनाही चकवितो, तेवढाच मीं निवडला आहे.

सामान्य समजूत अशी कीं, मुखत्याराला जेवढा अधिकार मीं दिला तेवढ्यापुरताच मी बांधला जातों. धनी आणि मुखत्यार या दोघांपुरतें हें खरें आहे. मुखत्यारानें धन्याची आज्ञा मोडून नुकसान केलें, तर तें त्यानें भरून दिलें पाहिजे. हिशेबही मागतांच दाखविला पाहिजे. परंतु व्यवहारांत तिसरा मनुष्य असतो आणि आपल्या खाजगी सूचना त्याला दिसत नाहींत. त्याला दिसतें तें आपलें वागणें. अमुक गोष्ट मुखत्याराच्या अधिकारांतली आहे, असें धन्यानें आपल्या शब्दानें वा वर्तनानें तिऱ्हाइतास मानावयास लावलें असेल, तर प्रत्यक्ष अधिकार नसतांही मुखत्याराचें कृत्य धन्यावर बंधनकारक होतें, असा कलम २३७ चा आशय आहे.

अधिकार लेखीच द्यावा लागतो असेंही नाहीं. कायद्यांतच एक उदाहरण दिलें आहे. कलकत्त्यास राहणाऱ्या एका माणसाचें श्रीरामपुरास दुकान आहे. तो स्वतः तेथें अधूनमधून जातो. दुकान दुसराच पाहतो, धन्याच्या नांवावर माल मागवितो, त्याच्याच पैशांतून बिलें चुकवितो, आणि धन्याला हें ठाऊक आहे. कागदाचा कपटाही झालेला नसला तरी माल मागविण्याचा अधिकार येथें गर्भित धरला जातो. दुकानाच्या जागीं आपलें घर आणि व्यवस्थापकाच्या जागीं आपला गडी कल्पिला, म्हणजे वाण्याच्या वहीचें रहस्य कळेल. गड्याला काढून टाकलें, पण वाण्याला कळविलें नाहीं. पुढच्या आठवड्यांत त्यानें आपल्या नांवावर नेहमींसारखेंच सामान नेलें, तर तें बिल बहुधा आपल्याच माथीं बसेल.

याहून झोंबणारें उदाहरण मुंबईच्या कापसाचें आहे. तेंही कायद्याच्याच पुस्तकांतलें. मद्रासचा एक धनी मुंबईच्या वखारींत पडलेला आपला कापूस विकण्यास मुखत्याराला पत्रानें कळवितो. मागाहून दुसरें पत्र धाडून तो अधिकार काढून घेतो व कापूस मद्रासला पाठवावयास सांगतो. दुसरें पत्र हातीं पडल्यावरही मुखत्यार सौदा करतो. गिऱ्हाइकाला पहिलें पत्र ठाऊक आहे, दुसऱ्याची वार्ताही नाहीं. तें पैसे मोजतें आणि मुखत्यार पैसे घेऊन पळतो. कलम २०८ म्हणतें कीं, गिऱ्हाइकानें दिलेले पैसे धन्याला पोंचले असेंच धरावें. अधिकार काढल्याची गोष्ट मुखत्याराच्या बाबतींत त्याला कळेल तेव्हां, आणि तिऱ्हाइताच्या बाबतींत तिऱ्हाइताला कळेल तेव्हां लागू होते.

हें कांहींना कठोर वाटतें. मला तसें वाटत नाहीं. फसलेल्या दोघांपैकीं त्या माणसाला निवडून विश्वासाच्या जागीं बसविणारा धनी होता; गिऱ्हाइकानें त्याला निवडलें नव्हतें. म्हणून मुखत्यारपत्र रद्द करतांना केवळ मुखत्याराला पत्र लिहून स्वस्थ बसूं नये. मूळ कागद परत घ्यावा, तो नोंदविलेला असल्यास रद्द केल्याचा लेखही नोंदवावा, आणि भाडेकरू, बँक, वाणी अशा ज्यांच्याशीं त्याचा व्यवहार चालत असे त्यांना लेखी कळवावें.

मुखत्यारपत्राविषयीं दुसरा एक भ्रम शहरांतून फार आहे. जागेची किंमत चुकती करून कुलमुखत्यारपत्र घेतलें कीं जागा आपली झाली, असें समजून पुष्कळांनीं आयुष्याची पुंजी गुंतविली. अशा पत्रानें स्थावराची मालकी बदलत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं स्पष्ट केलें. शिवाय धन्याच्या मृत्यूबरोबर मुखत्याराचा अधिकारही सामान्यतः संपतो. त्या मिळकतींत मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध असेल तेथें कायदा अपवाद करतो. पण तो सिद्ध करीत बसण्याची पाळी वारसांशीं भांडतांना येते.

येथवर धन्याच्या चुकीचें फळ धन्याला मिळालें. पण आपल्यासमोरचा मनुष्य मुळांत कोणाचा मुखत्यार, हाच प्रश्न कधीं कधीं निर्णायक होतो. १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निकालांत काढलेला एका मोठ्या बँकेविरुद्धचा खटला या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. बँकेंत नोकर असलेल्या एका ओळखीच्या माणसाजवळ एका गृहस्थानें पत्नीच्या बचतखात्यांत भरण्यासाठीं पैसे दिले. त्यानें ते खाऊन टाकले व पासबुकांत खोट्या नोंदी केल्या. मनुष्य बँकेचा, पासबुक बँकेचें. तेव्हां भरपाई बँकेनेंच करावी, असें कोणासही वाटेल. न्यायालयानें तें मानलें नाहीं. पैसे त्यानें नोकरीच्या कामांत घेतले नव्हते, स्नेहाखातर घेतले होते. तेवढ्यापुरता तो बँकेचा नव्हे, खातेदाराचाच मुखत्यार होता. हीच रक्कम रीतीप्रमाणें बँकेंत भरली गेली असती आणि ती स्वीकारणें ज्याचें काम त्या नोकरानें लांबविली असती, तर ती तूट बँकेला सोसावी लागली असती.