समाचार आणि संसर्ग



कार्बापेनेम ही प्रतिजैविकांच्या भात्यातील अखेरच्या बाणांपैकी एक. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात या औषधांना दाद न देणारे २४ जिवाणू तपासले गेले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी २२ जिवाणूंत औषध निष्प्रभ करणारे ‘एनडीएम-१’ हे विकर आढळले. पुढच्याच वर्षी त्याचे जनुक दिल्लीत नळाच्या पाण्यातही सापडल्याचे प्रसिद्ध झाले. असे जिवाणू रुग्णालयाच्या भिंतींआड कोंडून राहत नाहीत. हातांवरून, सांडपाण्यातून वस्तीत येतात आणि नव्या रुग्णासोबत परत जातात.

इंदिरानगरातून आप्तांच्या समाचाराला सारे कुटुंबच निघते. प्रेम खरे, पण दोघे पुरेत. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी आणि निघताना हात साबणाने धुवावेत. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्यांना देणे हे औषधदान नव्हे. घरी परतलेल्या रुग्णाची जखम बांधणाऱ्यानेही हात धुण्याचा हाच नेम पाळावा.