एवढीशी जखम

(शिरूर येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



पाळकसाहेब, मंडळीतील वडीलधारी माणसे आणि माझ्या भगिनींनो, आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. एरवी मी बाळंतपण, रक्तक्षय, सर्पदंश अशा विषयांवर बोलते. आज मी मुरमावर बोलणार आहे. चेहऱ्यावरचा मुरूम नखाने फोडला की तिथे उघडी जखम राहते. ती कशी भरते आणि कशाने भरत नाही, एवढेच मला सांगायचे आहे. गेल्या वर्षी अशाच एका जखमेने मला माझी चूक दाखवली. ती तुमच्यापुढे कबूल केल्याशिवाय मला पुढे बोलता येणार नाही.

घोड नदीच्या अंगाला एका ठाकर वस्तीत आपण औषधपेटी घेऊन जातो. त्या वस्तीतली सोळा वर्षांची एक मुलगी. तिचे नाव मी सांगत नाही. आईबापांबरोबर ती वीटभट्टीवर जाते. मावसबहिणीचे लग्न तोंडावर आले होते आणि नाकाशेजारी मोठा मुरूम उठलेला. आरशाच्या तुकड्यात बघून तिने तो पिळला. रक्त आले, पू आला, आणि डाळीएवढा खड्डा पडला. आजीने त्यावर चुना लावला. चुन्याने कातडी भाजली आणि डाळीची सुपारी झाली.

ती पेटीजवळ आली तेव्हा माझ्याभोवती पंचवीस बायका होत्या. मी तिच्याकडे नीट पाहिलेही नाही. मुरूमच तर आहे, म्हणाले. आपल्याकडे लोक घरातली उरलेली औषधे दान म्हणून आणून देतात, त्यातली एक अर्धी वापरलेली ट्यूब तिच्या हातात दिली आणि दोन वेळा लाव म्हणून सांगितले. ट्यूबवर काय लिहिले आहे ते मी वाचले नाही. त्यात बीटामेथासोन होते, म्हणजे स्टिरॉइड. पुढच्या फेरीला पाऊस होता, गाडी मिळाली नाही, आणि मी गेले नाही.

स्टिरॉइड सूज आणि लाली दाबते, म्हणून पहिले तीन-चार दिवस मुलीला बरे वाटले. पण त्याच वेळी ते नव्या कातडीची वाढ मंदावते, कातडी पातळ करते आणि जंतूंशी लढण्याची जागेवरची ताकद कमी करते. वरून शांत दिसणारी जखम आतून पसरत राहते. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून २०१८ साली केंद्र सरकारने नियम कडक केला. दुकानदाराला असलेला तो नियम आपल्या दानपेटीला मात्र आपण लावला नव्हता.

तीन आठवड्यांनी तिचा भाऊ मला शोधत आला. मी गेले तेव्हा मुलीचा गाल टम्म सुजला होता, डोळा निम्मा मिटला होता, अंगात ताप होता. मला बघून तिने एवढेच विचारले, “बाई, भरंल ना?”

भगिनींनो, नाकाच्या मुळापासून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत एक त्रिकोण कल्पा. या भागातल्या शिरांचा संबंध डोळ्यामागून मेंदूजवळच्या शिरांशी आहे. म्हणून इथला पू पिळला, तर क्वचित का होईना, जंतू आत पोहोचू शकतात. आज औषधे आहेत, त्यामुळे असे फार थोडे घडते. पण चेहऱ्याची सूज डोळ्याकडे चढू लागली, ताप आला, डोके फार दुखू लागले किंवा दिसायला अंधुक झाले, तर उद्याची वाट पाहायची नाही. आम्ही तिला त्याच संध्याकाळी शिरूरला नेले आणि तिथून रात्री पुण्याच्या सरकारी रुग्णालयात.

सलाइनमधून औषध सुरू झाले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि बाप म्हणाला, “आता घरी नेतो. भट्टीवाल्याची उचल घेतलीया.” त्याची अडचण खरी होती. तेव्हा मी त्याला इंग्लंडमधल्या एका पोलिसाची गोष्ट सांगितली. अल्बर्ट अलेक्झांडर त्याचे नाव. चेहऱ्यावरची जखम चिघळून त्याचा एक डोळा गेला होता. १२ फेब्रुवारी १९४१ रोजी ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी त्याला पेनिसिलिन दिले. ते औषध तेव्हा इतके दुर्मीळ होते की त्याच्या लघवीतून ते परत गाळून काढून पुन्हा त्यालाच देत होते. तो सुधारला, जेवू लागला. मग औषध संपले. जंतू पुन्हा उठले आणि १५ मार्चला तो वारला. मी त्या बापाला म्हणाले, “दादा, त्याच्या वेळी औषध जगात नव्हतं. आपल्याकडे आहे. डॉक्टर म्हणतील तितके दिवस पुरं करू.” तो थांबला. नवव्या दिवशी मुलगी घरी आली.

पण जखम अजून उघडीच होती. ती घरी भरायची होती. तेव्हा मला लूककृत शुभवर्तमानातला तो चांगला शोमरोनी आठवला. आपण हा दाखला दयेचा म्हणून ऐकतो. मी त्या दिवशी तो नर्स म्हणून वाचला. त्या माणसाने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, त्या बांधल्या, जखमी माणसाला उतारशाळेत नेले, आणि जाताना मी परत येईन असे सांगून गेला. म्हणजे धुणे, मऊ ठेवणे, झाकणे आणि परत येऊन बघणे. चेहऱ्यावरच्या उघड्या जखमेला या चारच गोष्टी लागतात.

पहिले, धुणे. आधी आपले हात साबणाने धुवा. पाणी उकळून गार केलेले घ्या. जखमेवरून पाणी सोडा, भोवती सौम्य साबण लावा आणि स्वच्छ सुती कापडाने अलगद टिपा. चोळू नका. रक्त येत असेल तर दहा मिनिटे कापड दाबून धरा, मध्येच उचलून बघू नका. जखमेत डेटॉल किंवा स्पिरिट ओतू नका. जंतूंबरोबर नवी कातडीही जळते. चुना, राख, मिसरी, टूथपेस्ट यांचेही तेच. हळदीला मी नावे ठेवत नाही, पण डब्यातली हळद जंतुमुक्त नसते. ती भाजीत असू द्या.

दुसरे, मऊ ठेवणे. जखम वाऱ्यावर सुकवावी असे आपल्या आया सांगत. १९६२ साली जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकाने डुकरांच्या कातडीवर प्रयोग करून दाखवले की झाकलेली, ओलसर जखम उघड्या सुकलेल्या जखमेपेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाने नव्या कातडीने झाकली जाते. नवी कातडी कडांकडून रांगत मध्याकडे येते. ओल असेल तर तिला वाट मिळते, कोरडी खपली असेल तर तिच्याखालून पोखरत जावे लागते. म्हणून साध्या व्हॅसलीनचा पातळ थर पुरतो. महाग मलम लागत नाही. जखमेतून येणारे पातळ, पिवळसर, चिकट पाणी म्हणजे पूच असे नाही. ती लस असते. घट्ट, हिरवट, वास येणारे असेल तर तो पू.

तिसरे, झाकणे. भट्टीवर धूळ, उसाच्या फडात पाचट आणि काजळी. बाहेर जाताना छोटी पट्टी लावा आणि रोज बदला. सर्वात मोठी पट्टी म्हणजे आपला आवरलेला हात. खपली खाजते, ओढावीशी वाटते; ती ओढली की जखम पुन्हा पहिल्या दिवसावर जाते. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले आहे का तेही विचारा.

चौथे, परत येऊन बघणे. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून अशी लहान जखम बहुधा आठ-दहा दिवसांत मिटते. पण लाली काही आठवडे राहते, आणि आपल्या सावळ्या कातडीवर काळा डाग कित्येक महिने राहू शकतो. ऊन लागले तर तो आणखी गडद होतो, म्हणून पदर किंवा टोपी हवी. डागाला घाबरून गोरेपणाच्या ट्यूबा आणू नका. त्यातही कधी कधी स्टिरॉइड असते. दोन-तीन आठवड्यांत जखम मिटली नाही, किंवा माणसाला मधुमेह असेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे.

त्या मुलीकडे मी आणि आपल्या दोन भगिनी आलटूनपालटून तीन आठवडे गेलो. पहिल्या आठवड्यात जखमेचा तळ पिवळट होता, मग लाल दाणेदार झाला, मग कडेने गुलाबी कातडी सरकताना दिसू लागली. ती रोज आरशाच्या त्याच तुकड्यात बघायची. विसाव्या दिवशी जखम मिटली. खड्डा राहिला आहे. तो राहील. मी तिची क्षमा मागितली तेव्हा तिला कळेचना मी कशाबद्दल बोलते आहे. मला मात्र कळते.

इथून जवळच, दौंड तालुक्यात केडगावला, पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो उपाशी, आजारी मुलींना आसरा दिला. ते काम एका दिवसाच्या भेटीचे नव्हते. त्या मुलींना घर मिळाले आणि रोज विचारपूस करणारे माणूस मिळाले. आपली पेटी वस्तीवर जाते ही चांगली गोष्ट आहे. पण पेटी जाऊन पुरत नाही.

म्हणून दोन विनंत्या. घरातली उरलेली, उघडलेली औषधे आता दानात देऊ नका. त्याऐवजी साबणाची वडी, व्हॅसलीनची लहान डबी, निर्जंतुक पट्ट्यांचे पाकीट द्या. आणि ज्यांना पैसे देणे शक्य नाही त्यांनी एक वार द्यावा. दाराशी वही ठेवली आहे. नाव आणि वार लिहा. औषध दिल्यावर चौथ्या दिवशी कोणीतरी त्या दारात परत उभे राहिले पाहिजे. मी त्या वेळी राहिले नव्हते.

प्रभू आपल्या हातांना मऊपणा आणि डोळ्यांना नीट पाहण्याची शक्ती देवो. आमेन.