मधुमेह नसलेल्या रुग्णाची साखर



साहित्याच्या व्यासपीठावर हा वैद्यकाचा विषय कशाला, असे तुमच्यापैकी कुणाच्या मनात येईल. माझ्या मते हा विषय निम्मा वैद्यकाचा आहे आणि निम्मा शब्दांचा. आपल्या बडोद्यात घरचे माणूस अतिदक्षता विभागात असते. डॉक्टर बाहेर येऊन गुजरातीत सांगतात, ‘शुगर वधी गई छे.’ कागदावर तेच इंग्रजीत लिहिलेले असते. आपण घरी फोन करून मराठीत कळवतो, ‘त्यांना मधुमेह निघाला.’ तीन भाषांच्या या प्रवासात एका आकड्याचा आजार होऊन बसतो.

प्रसंग नेहमीचे आहेत. न्यूमोनिया, अपघात, हृदयविकाराचा झटका, मोठी शस्त्रक्रिया, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग. रुग्णाला कधी मधुमेह नव्हता, तरी तपासणीत साखर २३० येते. निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात उपाशीपोटी १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी साखर असते. रुग्णालयातल्या माणसाची साखर १४० च्या वर गेली की ती वाढलेली समजतात. मधुमेह नसताना आजाराच्या ताणाने ती वाढली, तर तिला आपण ‘ताणजन्य शर्करावाढ’ म्हणू. इथे ताण म्हणजे मनाची काळजी नव्हे, शरीरावर आलेला भार.

बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक मग तर्क करतात. एक म्हणतो, यांनी सलाइनमधून साखर घातली. दुसरा म्हणतो, तपासणी चुकली. तिसरा म्हणतो, मधुमेह होताच, आपल्याला कळला नाही. या तिन्हींत थोडे थोडे तथ्य असू शकते. पण मुख्य कारण बहुधा चौथेच असते. ही साखर रुग्णाच्या स्वतःच्या शरीराने काढलेली असते.

हे प्रथम उलगडले क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने, एकोणिसाव्या शतकात. साखर फक्त अन्नातून येते, असा तेव्हा समज होता. यकृत स्वतः साखर तयार करून रक्तात सोडते, हे बेर्नार यांनी दाखवले. १८४९ साली त्यांनी प्राण्याच्या मेंदूच्या एका विशिष्ट भागात सुई टोचली आणि त्याच्या लघवीत साखर उतरली. म्हणजे स्वादुपिंड शाबूत असतानाही शरीराला बसलेला धक्का साखर वाढवू शकतो.

यकृत म्हणजे घरातली कणगी समजा. एरवी तिच्यातून रोजच्यापुरतेच धान्य निघते. घरावर संकट आले की कॉर्टिसॉल, अॅड्रेनलिन, ग्लुकागॉन ही संप्रेरके कणगीचे तोंड उघडतात. त्याच वेळी इन्सुलिनचे सांगणे स्नायूंना पूर्वीसारखे ऐकू येत नाही, त्यामुळे ते साखर उचलत नाहीत. ती मेंदूसाठी आणि जंतूंशी झुंजणाऱ्या पेशींसाठी राखली जाते. चार-सहा तासांच्या संकटाला ही व्यवस्था उत्तम आहे. पण अतिदक्षता विभागातले संकट आठवडाभर चालते, आणि कणगी उघडीच राहते.

त्यात उपचारांचीही भर पडते. रक्तदाब टिकवण्यासाठी दिलेली अॅड्रेनलिनच्या जातीची औषधे साखर वाढवतात. नळीवाटे दिलेले अन्न आणि ग्लुकोजचे सलाइन वाढवतात. सर्वांत जास्त वाढवतात ती स्टेरॉइड. कोरोनाच्या काळात डेक्सामेथासोन हे नाव घरोघरी पोचले. कृत्रिम श्वासावर असलेल्या रुग्णांचे मृत्यू त्याने सुमारे एकतृतीयांशाने कमी झाले, हे २०२० सालच्या ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत दिसले. त्याच औषधाने अनेकांची साखर चढली. २०२१ मध्ये गुजरात आणि महाराष्ट्रात काळ्या बुरशीची जी लाट आली, तिच्या मोठ्या कारणांत वाढलेली साखर आणि स्टेरॉइडचा वापर ही दोन्ही होती. जीव वाचवणारे औषध आणि साखर वाढवणारे औषध एकच असू शकते. म्हणून ‘ते औषध बंदच करा’ असा हट्ट नातेवाइकांनी धरू नये.

साखर शरीरानेच वाढवली असेल, तर ती वाढू द्यावी का? नाही. साधारण १८० च्या वर ती लघवीत उतरू लागते आणि सोबत पाणी ओढून नेते. पांढऱ्या पेशींची जंतू मारण्याची ताकद घटते, जखमा उशिरा भरतात. अमेरिकेतील अटलांटा येथील एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. रुग्णालयात दाखल झालेल्या ज्यांची साखर प्रथमच वाढलेली आढळली, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण १६ टक्के होते. आधीपासून मधुमेह असलेल्यांत ते ३ टक्के होते आणि साखर ठीक असलेल्यांत १.७ टक्के. मधुमेह नसलेल्याची वाढलेली साखर हलक्यावर घेऊ नये, हा यातला धडा. मात्र साखरेनेच ते मृत्यू झाले, असे हे आकडे सिद्ध करत नाहीत. आजार जितका भारी तितकी साखर जास्त, असाही त्यांचा अर्थ होतो.

मग ती सरळ नेहमीच्या पातळीवर का आणू नये? हा प्रश्न वैद्यकाने वीस वर्षांहून अधिक काळ तपासला, आणि ती हकीकत ऐकण्याजोगी आहे. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन शहरात ग्रेट वान डेन बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,५४८ रुग्णांवर चाचणी केली. बहुतेक जण शस्त्रक्रिया झालेले होते. निम्म्यांची साखर इन्सुलिनने ८० ते ११० मध्ये ठेवली, उरलेल्यांची १८० ते २०० पर्यंत राहू दिली. २००१ साली निष्कर्ष आले. अतिदक्षता विभागातले मृत्यू ८ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर आले होते. जगभर नियम कडक झाले.

२००६ साली त्याच गटाने शस्त्रक्रियेऐवजी इतर आजारांच्या रुग्णांवर चाचणी केली, तेव्हा एकूण मृत्यूंत तसा फरक दिसला नाही. मग २००९ मध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि उत्तर अमेरिकेतील ६,१०४ रुग्णांच्या चाचणीने चित्रच पालटले. कडक नियंत्रणाच्या गटात नव्वद दिवसांत २७.५ टक्के रुग्ण दगावले, १८० पर्यंत सूट दिलेल्या गटात २४.९ टक्के. साखर ४० किंवा त्याखाली घसरण्याचे प्रमाण कडक गटात ६.८ टक्के होते, दुसऱ्या गटात अवघे अर्धा टक्का.

साखर घसरणे इथे इतके घातक का, तेही पाहा. जागा माणूस साखर उतरली की घामाघूम होतो, हात थरथरतात, तो गूळ मागतो. कृत्रिम श्वासावर गुंगीत ठेवलेला माणूस काहीच मागू शकत नाही. त्याचा मेंदू उपाशी पडला तरी वरून ते कळत नाही.

पहिल्या चाचणीतल्या रुग्णांना सुरुवातीपासून शिरेवाटे बरीच साखर दिली जात होती, हाही फरक होता. २०२३ साली बेल्जियममध्येच ९,२३० रुग्णांवर, तसे शिरेतले अन्न लवकर न देता, पुन्हा चाचणी झाली. कडक नियंत्रणाने ना मृत्यू कमी झाले ना वाढले. आज सर्वसाधारण धोरण असे आहे की साखर १८० च्या वर टिकली तर इन्सुलिन सुरू करायचे आणि ती १४० ते १८० मध्ये राखायची. म्हणून कागदावर १६५ पाहून ‘अजून नॉर्मल का नाही?’ असे डॉक्टरांवर रागावू नका. ती मुद्दाम तिथे ठेवलेली असते.

आता शब्दाकडे येऊ. ‘मधुमेह’ म्हणजे मधासारखी गोड लघवी. नाव लक्षणावरून पडले. तेच लक्षण आजाराच्या तडाख्यात मधुमेह नसलेल्यालाही होऊ शकते. दोघांतला फरक ओळखायला एचबीएवनसी ही तपासणी आहे. ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते. ती ६.५ किंवा त्याहून जास्त आली, तर मधुमेह आधीपासून असावा. कमी आली, तर वाढ बहुधा या आजारपणातली. रक्त चढवले असेल किंवा खूप रक्तस्राव झाला असेल, तर मात्र तिच्यावर विसंबता येत नाही.

दाखल करतानाच डॉक्टरांना सांगा की रुग्ण दमा, संधिवात किंवा त्वचारोगासाठी स्टेरॉइड घेत होता का. जुने तपासणीचे कागद सोबत न्या. मग तीन गोष्टी विचारा. हा मधुमेह आहे की ताणाची वाढ? इन्सुलिन चालू असताना साखर किती वेळाने तपासता? घरी जाताना इन्सुलिन चालू राहणार की बंद होणार? यात इन्सुलिन सुरू झाले म्हणजे ते जन्माला चिकटले, असे मानू नका. ताणजन्य वाढीत आजार ओसरला की ते पुष्कळदा सुटते.

घरी आल्यावर आपल्याकडे दोन टोके दिसतात. एका घरात आजोबांचा चहा कायमचा अगोड होतो, श्रीखंड बंद होते, आणि पुन्हा तपासणी मात्र कुणीच करत नाही. दुसऱ्या घरात ‘ती दवाखान्यातली साखर होती’ म्हणून प्रकरण मिटवले जाते. दोन्ही घरे तेवढीच अंधारात. अशी वाढ झालेल्यांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, हे दुसऱ्या घराने लक्षात ठेवावे. त्यासाठी रुग्णालयातून निघताना मिळणाऱ्या कागदावर साखरवाढीची नोंद आहे का ते पाहा, आणि प्रकृती स्थिरावल्यावर, साधारण तीन महिन्यांनी, उपाशीपोटीची साखर व एचबीएवनसी करून घ्या. नंतर वर्षातून एकदा.

आपण पिढ्यानपिढ्या परभाषेच्या प्रांतात राहून मराठी शब्द नीट जपले. तोच नेमकेपणा आजारपणातही वापरू या. तपासणी होईपर्यंत घरी फोनवर एवढेच सांगा, ‘आजारपणात त्यांची साखर वाढली आहे, मधुमेह आहे की नाही ते अजून ठरायचे आहे.’ वाक्य लांबले तरी चालेल. आपल्या माणसावर चुकीचा शिक्का बसणार नाही, आणि खरा आजार असेल तर तो नजरेतून सुटणारही नाही.