कर्करोगाच्या उपचारानंतरची देखभाल आणि आपले कर्तव्य
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



शिक्षण, काटकसर, हुंडा या विषयांची चर्चा या व्यासपीठावरून पुष्कळदा झाली आहे. आज आम्ही असा विषय घेतला आहे, की ज्याची कुजबुज घरोघरी होते, पण चारचौघांत कोणी उच्चार करीत नाही. कर्करोगाचे उपचार संपल्यानंतर रुग्णाची देखभाल कोणी व कशी करावी, हा तो विषय होय. आम्ही वैद्य नव्हे. आमचे आयुष्य फळा आणि खडू यांच्या संगतीत गेले. तथापि आप्तेष्टांच्या दुखण्यात रुग्णालयांच्या ज्या फेऱ्या घडल्या, त्यांतून जे उमगले ते आपणांपुढे ठेवीत आहोत.

परळ येथे १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, त्या काळी या रोगाचे नाव म्हणजे मृत्यूचे बोलावणे असे लोक समजत. आज वेळीच निदान झाल्यास कित्येक रुग्ण बरे होऊन पुढे वर्षानुवर्षे प्रपंच करतात. परंतु शस्त्रक्रिया व किरणोपचार काही महिन्यांत आटोपले, तरी देखभाल पुढे अनेक वर्षे चालते. स्तनाच्या कर्करोगानंतर पुष्कळ भगिनींना गोळ्या पाच वर्षे, क्वचित दहा वर्षेही घ्याव्या लागतात. त्यांपैकी काही गोळ्यांनी हाडे ठिसूळ होतात. केमोथेरपीच्या काही औषधांचा परिणाम हृदयावर मागाहून दिसू शकतो. जबड्यावर किरणोपचार झालेल्या माणसाने ती गोष्ट दंतवैद्यास न सांगता दाढ काढून घेतली, तर हाडाची जखम न भरण्याचा धोका असतो.

आता सोलापूर वा जळगावकडील कुटुंबाने प्रत्येक लहानसहान तक्रारीसाठी मुंबई गाठावी काय? येथेच घरच्या डॉक्टरांचे महत्त्व आहे. रक्तदाब, मधुमेह, हाताची सूज, गोळ्या चालू आहेत की सांधे दुखतात म्हणून परस्पर बंद केल्या, मन उदास आहे काय, हे सारे ते पाहू शकतात. आणि कोणती तक्रार मोठ्या डॉक्टरांकडे तातडीने न्यावी हेही तेच सांगू शकतात.

परंतु त्यांना काही ठाऊक असेल तर! आपल्या ज्ञातीत दुखणे लपविण्याची खोड आहे, हे आम्ही खेदाने सांगतो. मुलीची सोयरीक मोडेल या भयाने आईचा रोग झाकून ठेवतात. गावात बभ्रा होईल म्हणून घरच्या डॉक्टरांनाही सांगत नाहीत. वस्तुतः आईबापांकडून वारशाने आलेल्या दोषामुळे होणारे कर्करोग शंभरांत पाच ते दहाच असतात, आणि जेथे तशी शंका असेल तेथे तर लेकींना लवकर तपासून घेता यावे म्हणून सांगणेच हिताचे. आईच्या औषधोपचारांत खंड पाडून जुळविलेली सोयरीक कोणास सुख देणार?

नवी साधने या कामी मोठी मदत करतात. २०१९ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ई-संजीवनी सेवेत डॉक्टरांचा सल्ला विनामूल्य मिळतो. आभा नावाचा चौदा अंकी क्रमांक काढल्यास आपल्या संमतीने कागदपत्रे डॉक्टरांना पाहता येतात. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रात केमोथेरपी चालू असलेल्या, रोग पसरलेल्या ७६६ रुग्णांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. जे रुग्ण आपला त्रास संगणकावरून नियमाने कळवीत, त्यांचे आयुर्मान मध्यकाच्या हिशेबाने ३१ महिने, तर इतरांचे २६ महिने भरले. त्रास वाढताच परिचारिकेस सूचना जाई आणि ती दखल घेई, हे त्यातील मर्म आहे. यंत्र निरोप पोचविते. निरोप ऐकणारा मनुष्य लागतोच. शिवाय फोनवरून गाठ चाचपता येत नाही. म्हणून रुग्णालयाने दिलेली तपासणीची तारीख, उदाहरणार्थ स्तनाच्या रुग्णांची वार्षिक मॅमोग्राफी, चुकवू नये.

आमची ज्ञातिबांधवांस तीन विनंत्या आहेत. पहिली, डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे अहवाल व औषधांची यादी एका फाइलीत लावून तिची प्रत घरच्या डॉक्टरांकडे द्यावी. दुसरी, घरातील शिकल्या मुलामुलींनी त्या कागदांची छायाचित्रे मोबाईलमध्ये नीट जपावीत, तपासणीच्या तारखांची आठवण लावावी, आणि वडीलधाऱ्यांस न रागावता ते सारे शिकवावे. मात्र ते कागद मंडळाच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकू नयेत, व तेथे येणाऱ्या रामबाण उपायांवर विसंबून औषध सोडू नये. तिसरी, मंडळाच्या कार्यकारिणीने प्रत्येक तालुक्यास दोन स्वयंसेवक नेमावेत. ज्या घरी एकटे वृद्ध आहेत, तेथे त्यांनी हे काम करावे.

लग्नकार्यात आपण एकमेकांच्या मांडवात न बोलावताही राबतो. आजारातून उठलेल्या माणसाच्या दारीही तसेच जावे, एवढेच आमचे मागणे आहे.