मावशींचा पगार



मी काही व्याख्याता नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत उपयंत्री म्हणून लागलो, तो अजून तिथेच आहे. मंडळाने बोलायला सांगितलं, म्हणून घरचाच विषय घेऊन आलो आहे.

माझी मोठी बहीण, ताई, 51 वर्षांची आहे. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. इथल्या जुन्या मंडळींनी तिला आईच्या कडेवर गणपतीला आलेलं पाहिलं असेल. पुढे ती कडेवर मावेना आणि येणंही थांबलं.

आई आता 77 वर्षांची. तिच्याच्याने ताईला उचलवत नाही. आम्ही दोघं नोकरीला जातो. म्हणून चार वर्षांपासून मावशी येतात, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. अंघोळ, भरवणं, कपडे, दर दोन तासांनी कूस बदलणं, सगळं त्याच करतात. महिना 12,000 देतो, म्हणजे वर्षाचे 1,44,000. गेल्या महिन्यात त्या म्हणाल्या, "भैया, दुसरीकडे 15,000 देतायत." त्यांचं काही चुकत नव्हतं. त्या रात्री मी वही घेऊन बसलो.

ताईला राज्याचे महिना 600 रुपये मिळतात. मावशींचा दीड दिवसाचा पगार. दुसरा आधार आयकराचा. 80 टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेला माणूस आपल्यावर अवलंबून असेल, तर 1,25,000 रुपयांची वजावट मिळते. 40 टक्क्यांच्या वर 75,000. खर्चाच्या पावत्या लागत नाहीत, सर्टिफिकेट लागतं. मी 20 टक्क्यांच्या टप्प्यात होतो तेव्हा सेससकट 26,000 वाचायचे. मावशींचे दोन महिने निघायचे.

पण ही वजावट फक्त जुन्या करपद्धतीत आहे. एप्रिल 2025 पासून नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंत करच लागत नाही. मला आनंद झाला, नाही असं नाही. मग लक्षात आलं, की शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यालाही कर शून्य आणि मलाही शून्य. त्याच्या घरी ताई नाही. आणि जे कर भरण्याइतकं कमावतच नाहीत, त्यांना ही सवलत आधीही कधी मिळाली नव्हती. त्यांच्या घरी मावशी येत नाहीत, आईच नोकरी सोडते.

सरकारला हे कळत नाही असं मी म्हणणार नाही, मीही सरकारचाच माणूस. सेवेत शंभर टक्के अपंगत्व आलेल्या सैनिकाला सोबतीच्या माणसासाठी वेगळा भत्ता मिळतो, 2017 च्या जुलैपासून तो महिना 6,750 होता. केरळात 'आश्वासकिरणम्' योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्याला 600 रुपये देतात. रक्कम लहान आहे, पण ती काळजी घेणाऱ्याच्या नावाने आहे.

आणि 2016 चा दिव्यांग हक्क कायदा वाचा. त्यात काळजीवाहकाची व्याख्या आहे: पैसे घेऊन किंवा न घेता सेवा करणारी कोणीही व्यक्ती. म्हणजे आईही आणि मावशीही. कलम 24 मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्ता लिहिलेला आहे. मात्र त्याच कलमात सरकारच्या आर्थिक ऐपतीच्या मर्यादेत, हेही आहे. कलम 38 प्रमाणे अशा आधारासाठी आपण स्वतः अर्ज करू शकतो. मी केला. खिडकीवरच्या माणसाने अशा अर्जाचं नावच ऐकलं नव्हतं. दोन चकरा झाल्या, तिसऱ्यांदा कलमाची झेरॉक्स नेली, तेव्हा पोच मिळाली. आपल्या मंडळात अशी आणखी चार-पाच घरं आहेत, मला ठाऊक आहे. एका अर्जाला ठेवायला फाइल नसते, सहा अर्ज आले की ती उघडावी लागते. हे मी नोकरीतल्या अनुभवावरून सांगतो. ज्यांना अर्जाचा नमुना हवा असेल त्यांनी आरतीनंतर मला भेटावं. यूडीआयडी कार्ड नसेल तर आधी ते काढू, मी सोबत येईन.

मावशींना 14,000 कबूल केले आहेत आणि रविवारची सुट्टी. रविवारी ताईला मी पाहतो. दिवाळीपर्यंत थांबते, असं त्या म्हणाल्या आहेत.